चिपळी उघडली की पाऊल उचलते

संपादकांनी माझ्याकडे ‘कार्यकाळातील सुखद आठवणी’ मागितल्या आहेत. ‘सुखद’ या विशेषणाला मी टपालाने हरकत नोंदवली. उत्तर आले नाही. हरकतीला उत्तर न देणे म्हणजे ती मान्य करणे, असा अर्थ मी आयुष्यभर लावत आलो आहे; सरकारी कार्यालये तो लावत नाहीत, हा भाग वेगळा. सबब, सुखद असो वा नसो, घडले ते लिहितो.

प्रथम एक खुलासा. मी वकील नाही. जबलपुरातील अर्धे मराठी लोक मला तोंडावर वकीलसाहेब म्हणतात आणि उरलेले अर्धे पाठीमागे म्हणतात. राज्यपुनर्रचनेत उच्च न्यायालय नागपुराहून येथे आले, त्याच्या दप्तरांच्या पेट्यांबरोबर माझे कारकून वडील आले आणि वडिलांचे बोट धरून मी आलो. आमच्या घरी मुलांना गोष्टी सांगत त्या वादी-प्रतिवादींच्या. पुढे मी रांझीजवळच्या संरक्षण कारखान्यात यंत्रांची रेखाचित्रे काढण्याच्या कामाला लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. परंतु कोणाचा कोणता हक्क आहे आणि तो कोणी व का नाकारला, हे लेखी विचारण्याची सवय काही सुटली नाही.

निवृत्तीनंतर विजय नगरातील घराच्या गॅरेजमध्ये मी जे काम केले, तेच माझे खरे काम असे मी मानतो. गाडी बाहेर उन्हात उभी राहू लागली आणि तिच्या जागी लेथ आली. पत्नीने, मालतीने, त्याबद्दल माझ्याकडे तोंडी तक्रार केली होती. ती अद्याप प्रलंबित आहे. तेथे मी पाऊल लोंबणाऱ्या माणसांसाठी घोट्याला बांधायचे, बॅटरीवर चालणारे यंत्र बनवले.

हा विकार काय, ते सांगतो. चालताना आपण पाऊल उचलतो तेव्हा बोटांकडची बाजू वर ओढली जाते, म्हणून ती जमिनीला अडत नाही. हे काम नडगीपुढचा एक स्नायू करतो आणि त्याला हुकूम देणारी शीर गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाने, हाडाच्या अगदी वरून जाते. ती तिथे दुखावली, किंवा वर कमरेखाली चुकीच्या जागी सुई टोचली गेली, की हुकूम पोहोचत नाही. पाऊल ओल्या कपड्यासारखे लोंबते. माणूस पाण्यातून चालावे तसा गुडघा उंच उचलतो आणि पाऊल फटकन आपटतो. डॉक्टर त्याला फूट ड्रॉप म्हणतात आणि प्लास्टिकचा एक कडक साचा देतात, जो पाऊल काटकोनात धरून ठेवतो. साचा पडू देत नाही हे खरे. पण तो घोट्याला हलूही देत नाही.

माझ्या यंत्रात पोटरीमागे एक लहान मोटर होती. तिच्यापासून निघालेली तार पावलाच्या पुढच्या भागाखालच्या पट्टीला बांधलेली. टाचेखाली एक खटका. टाच उचलली की मोटर तार ओढी, पाऊल वर येई. टाच टेकली की तार सैल सुटे. कमरेला बॅटरी. सांगायला इतके सोपे. करायला माझी साठीनंतरची सगळी उमेद लागली.

पहिले यंत्र कारखान्यातील एका जुन्या फिटरसाठी होते. त्याने ते घालून सायकल चालवली आणि दर पायडलला मोटर ओढू लागल्यामुळे तो रांझीच्या बसस्टॉपवर फुलवाल्याच्या टोपलीत जाऊन बसला. दुसरे ओमतीच्या बाजारातील एका कापडदुकानदाराच्या सुनेसाठी होते. घरी लग्न होते, ती आत्येसासूंच्या पाया पडायला वाकली, टाच उचलली गेली, मोटरने इमानदारीने पाऊल वर ओढले आणि बिचारीचे डोके आत्येसासूंच्या गुडघ्यावर आदळले.

“काय गं,” आत्येसासू म्हणाल्या, “आशीर्वाद मागून राहिली का टक्कर देऊन राहिली?”

मी सुधारणा केल्या. पण एक गोष्ट मनात खुपत राहिली. टाच उचलण्याला कारणे अनेक असतात आणि यंत्राला त्यांपैकी एकच ठाऊक होते. माणूस काय करू पाहतो हे न विचारता निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यांशी मी हयातभर भांडलो आणि म्हातारपणी तसाच एक अधिकारी स्वतःच्या हाताने घडवला.

अशा वेळी गोविंदबुवा आले.

गोविंदबुवा आमच्या मराठी मंडळाचे कीर्तनकार. घराणे मराठेशाहीच्या काळात चाकरीसाठी इकडे येऊन स्थिरावलेले. शाळेत मराठी कधी शिकले नाहीत, पण गादीवर उभे राहिले की बोलणे असे स्वच्छ वाहू लागे की विदर्भातून आलेले आम्ही आपापली वाक्ये मनात तपासू लागत असू. गादीवरून उतरले की मात्र ते आमच्यासारखेच बोलत. रामनवमीचे रामजन्माचे कीर्तन गेली कित्येक वर्षे त्यांचे होते. त्या वर्षी दिवाळीआधी तापासाठी एका दवाखान्यात त्यांना सुई दिली गेली आणि उजवे पाऊल गेले. तरी कार्तिकातल्या कीर्तनाला ते उभे राहिले. पूर्वरंग कसाबसा निभावला. गजर सुरू झाला, बुवा चिपळ्या वाजवत दोन पावले पुढे आले, बोटे सतरंजीच्या काठात अडकली आणि बुवा समोर मूर्तीच्या दिशेने लांबच्या लांब पडले.

सभागृहाला वाटले, बुवांनी साष्टांग नमस्कार घातला. लोकांनी हात जोडले. बायकांनी डोळे पुसले. बुवा क्षणभर तसेच पडून राहिले आणि मग त्यांनी पडल्या पडल्या जयजयकार केला. खरे काय झाले ते दोघांनाच कळले: तबल्यावरच्या तिवारीजींना आणि मला. मला कळले, कारण मी कीर्तनात देवाकडे पाहत नव्हतो. बुवांच्या पावलाकडे पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. सोबत दोन गोष्टी होत्या: त्या दवाखान्याला पाठवायच्या कायदेशीर नोटिशीचा मसुदा आणि मोजमापाची फीत.

बुवांनी मसुदा वाचला, घडी घालून परत दिला. “वकीलसाहेब, तुम्ही नोटीस लिहा अन् मी पाय हलवतो. कोणाचं आधी होते, पाहू.”

“हा आपला हक्क आहे बुवा. नुकसान—”

“नुकसान मला नका सांगू. कमिटीनं नागपूरच्या बुवांना फोन लावला आहे रामनवमीसाठी. मला म्हणतात, तुम्ही खुर्चीवर बसून करा. बसून प्रवचन होते साहेब, कीर्तन नाही होत. नारदाच्या गादीवर उभंच राहावं लागते. चैत्रात मी उभा राहिलो तर गादी माझी. नाही राहिलो, तर मी स्वतःच सांगून टाकीन, दुसऱ्याला द्या.” मग त्यांनी फीत पाहिली. “हे कशासाठी आणलं?”

“पोटरी मोजायला.”

“मग आधी हे काढायचं होतं ना पिशवीतून! नोटीस काहून काढली?”

त्यांची मुलगी मृणाल शेजारी उभी होती. ती तेव्हा शिक्षिका म्हणून नुकतीच लागली होती. मराठी सगळे समजे, बोलताना मात्र ती अर्ध्या वाटेवर हिंदीत उतरून जाई. तिने फितीचे दुसरे टोक धरले.

त्यानंतर थंडीभर बुवा आमच्या गॅरेजमध्ये आले. मी यंत्र बांधले तेव्हा ते पट्ट्यांकडे पाहत म्हणाले, “चामडं आहे का?” होते. “हे घालून गादीवर कसा उभा राहू? काढा.” पट्टे निघाले. खाटेला लावतात ती सुती नवार मालतीने दुहेरी करून शिवून दिली. बूट तर प्रश्नच नव्हता. पाऊल अनवाणीच हवे. माझी टाचेची खटकेवाली पट्टी बुटासाठी केलेली होती, ती फेकून देऊन पातळ रबराची दुसरी केली. परदेशी पुस्तकांतून मी जे शिकलो होतो, त्यातले निम्मे तर दाराबाहेर चपलांच्या ढिगाजवळच राहिले.

मग मोटरचा आवाज. तिवारीजी एकदा तबला घेऊन आले आणि कान टवकारून बसले. “भैया, ये कौन-सा सुर है? न काली दो, न सफ़ेद तीन। ये मशीन बेसुरा नहीं है, ज़िद्दी है।” मी गिअर नायलॉनचे केले, आत जाड लोकरी बनात लावली. आवाज दबला, तरी एक बारीक गुणगुण उरली. तेव्हा बुवा म्हणाले, मशीन सूर सोडत नाही तर आपणच तिचा सूर धरू. आणि खरोखर धरला. तिवारीजींनी हातोडीने तबला अर्ध्या सुराने उतरवला. त्यानंतर बुवांची पट्टी कायमची तीच झाली.

खरी अडचण वेगळीच होती. कीर्तनकार चालत नाही. तो जागच्या जागी ठेका धरतो. गुडघा किंचित लवतो, पाऊल पुढून उचलते, टाच कधी हलते, कधी हलतच नाही. माझा खटका टाचेची वाट पाहत बसे. मी गुडघ्यावर खटका बसवून पाहिला, मांडीवर पाहिला. एकदा पाऊल तीन मात्रा आधी उचलले, एकदा उचललेच नाही, एकदा उचलले ते खाली यायला तयार होईना. माघ संपत आला. एका संध्याकाळी बुवा लेथशेजारच्या स्टुलावर बसले आणि चिडून बोलू लागले. मी त्यांना चिडलेले तेव्हाच पाहिले.

“हे तुमचं मशीन मला विचारूनच नाही राहिलं! कधी टाचेला विचारते, कधी गुडघ्याला. अरे, पाऊल माझं आहे ना? मग हुकूम कोणाचा?”

हुकूम कोणाचा. हा तर अधिकारक्षेत्राचा प्रश्न होता, यंत्रशास्त्राचा नव्हताच. इतके महिने मी चुकीच्या न्यायालयात दाद मागत होतो. मी बुवांकडे पाहिले. बोलता बोलता त्यांच्या उजव्या हातातल्या चिपळ्या आपोआप वाजत होत्या. बुवांचा हुकूम पावलाच्या आधी कुठे निघत असेल, तर तो तिथे निघत होता.

दुसऱ्याच दिवशी मी ओमतीच्या एका दुकानातून दाराला लावायची बिनतारी घंटी विकत आणली. घंटीचे पोट फाडून तिचा संदेश पाठवणारा भाग बुवांच्या चिपळीच्या एका फळीत, लाकूड कोरून बसवला. दुसऱ्या फळीत लोहचुंबकाचा तुकडा. फळ्या मिटल्या की खटका मिटे, मोटरला संदेश जाई. वर एक लाल दिव्याचा ठिपका ठेवला. सेल जिवंत असेपर्यंत तो मिणमिणे. आमची पहिली चाचणी अंगणात झाली. बुवा स्तब्ध उभे होते, चिपळ्या उघड्या, आणि त्यांचे पाऊल अचानक उचलले. पुन्हा उचलले. पुन्हा.

“अहो,” मालतीने वरून सांगितले, “समोरच्यांकडे दूधवाला आला आहे, घंटी वाजवून राहिला आहे. तीच घंटी घेतली आहे त्यांनी.”

मी घंटीचा सांकेतिक क्रम बदलला. बुवा मात्र त्यानंतर कित्येक दिवस समोरच्या घराकडे पाहून हात जोडत. “दूधवाल्याचा आमच्यावर अधिकार आहे,” म्हणत.

आणि तरीही जमेना. चिपळी वाजे, पाऊल उचले, परंतु ठेक्याच्या किंचित मागून. तिवारीजींनी दोन आवर्तने ऐकली आणि तबल्यावर हात ठेवला. “बुवा, आपका पैर सम पर नहीं आता। सम हो जाने के बाद हालचाल पूछने आता है।”

आम्ही तिघे हसलो आणि मग हसताना मला दिसले. चिपळी मिटते त्या क्षणी पाऊल जमिनीवर टेकलेले असते. उचलायचे असते ते त्याच्या आधी, चिपळी उघडताना. मी मिटण्यालाच हुकूम समजलो होतो. दोन तारांची अदलाबदल केली: चिपळी उघडली की पाऊल उचलते, मिटली की टेकते. बुवांनी ठेका धरला. तिवारीजींनी साथ दिली. गॅरेजच्या फरशीवर पाऊल समेवर पडले, परत पडले, आणि बुवा थांबेनात. गजराची लय चढत गेली, भिंतीवरचे नट आवळायचे पाने आणि कानशी किणकिणू लागल्या. घाम पुसत ते एवढेच म्हणाले, “आता हे माझं आहे.”

त्या संध्याकाळी आम्ही चहा विसरलो. माझ्या कारखान्यातील सर्व वर्षे मला कोणी परत देऊ केली आणि त्या बदल्यात ती एक संध्याकाळ मागितली, तर मी करारावर सही करणार नाही.

रामनवमीला भर दुपारी सभागृह भरले होते. कमिटीने नागपूरच्या बुवांनाही बोलावून ठेवले होते. ते पहिल्या रांगेत उपरणे सावरत, वेळ पडली तर उठण्याच्या बेताने बसले होते. गोविंदबुवा पांढऱ्या धोतरात गादीवर आले. यंत्र धोतराखाली झाकलेले. दोन तास ते बोलले, गायले, हसवले. जन्माच्या वेळी सगळे उठून उभे राहिले, गुलाल उडाला, गजर सुरू झाला. बुवा चिपळ्या उंचावून पुढे आले. सतरंजीचा तोच काठ. चिपळी उघडली, पाऊल उचलले, काठावरून पलीकडे गेले, चिपळी मिटली. तिवारीजींनी मान वर करून माझ्याकडे पाहिले. बाकी कोणीही पावलाकडे पाहिले नाही. लोकांनी ज्याच्याकडे पाहायचे त्याच्याकडेच पाहिले. नागपूरच्या बुवांनीही शेवटी निर्धास्तपणे टाळ्यांचा ठेका धरला.

त्या दिवसानंतर बुवा रस्त्यानेही चिपळ्या वाजवतच चालू लागले. यंत्रात चालण्यासाठी टाचेचा खटका मी तसाच ठेवला होता, बटण फिरवले की झाले. पण ते फिरवीनात. “मशीननं मला चालवावं हे नको. मीच तिला चालवतो.” ओमतीच्या गर्दीत चिपळ्यांचा आवाज आला की दुकानदार वाट करून देत. एका नव्या फळवाल्याने त्यांना भिक्षुक समजून हातावर केळे ठेवले. बुवांनी ते तिथेच सोलून खाल्ले, त्याला भरघोस आशीर्वाद दिला आणि चिपळी उघडून पुढे गेले. विजय नगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो आवाज आला की मालती चहाचे आधण ठेवी. माणूस दिसण्याआधी त्याचे पाऊल ऐकू येई.

आता तक्रारीकडे वळतो. असे यंत्र सरकारी मदतीने इतरांना मिळायचे तर त्याला तपासणी कार्यालयाचे प्रमाणपत्र लागते. कार्यालयाचे आणि शहराचे नाव मी संपादकांच्या विनंतीवरून गाळत आहे, भीतीमुळे नव्हे. बुवा, मी आणि मृणाल तेथे गेलो. अधिकाऱ्यांनी विचारले, “हाथ से चलता है तो ये पैर का उपकरण कैसे हुआ?” मी सांगितले, सायकलचा ब्रेक हाताने लागतो, म्हणून तो सायकलचा नव्हे काय? त्यांना तुलना आवडली नाही. मग त्यांनी विचारले, रुग्ण यंत्र घालून किती अंतर चालतो? बुवांनी त्यांच्या टेबलासमोर उभे राहून पूर्ण गजर करून दाखवला. शिपाई दारात येऊन डोलू लागले. निष्कर्षात लिहिले गेले: रुग्ण जागेवरून हलला नाही, सबब उपयुक्तता सिद्ध होत नाही.

माझे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही हेच आहे. माणूस कुठे पोहोचतो यावर त्याच्या पावलाची किंमत ठरत नाही. अपंगांचे हक्क लिहिताना कायद्याने ‘अंतर’ म्हटलेले नाही. एखाद्याला आयुष्यभर एकाच गादीवर उभे राहायचे असेल, तर उभे राहण्याइतके पाऊल हा त्याचा पूर्ण हक्क होतो. हे मी कार्यालयाला वेगवेगळ्या शब्दांत, पोचपावतीसह, अनेकदा कळवले. पोचपावत्या आल्या.

परतताना गाडीत मी तक्रारीचा मसुदा लिहायला घेतला होता. बुवा खिडकीशी बसून शेंगा सोलत होते. “साहेब, त्यांच्या शिपायांना आवडलं ना? अर्धं हापिस पास झालं समजा.” मृणाल हसली. मी हसलो नाही, याची आता खंत वाटते.

पुढची बरीच वर्षे बुवा रामनवमीला उभे राहिले. मग एका थंडीत, पहाटेच्या झोपेतच, ते गेले. तेराव्यानंतर मृणाल यंत्र घेऊन आली. नवारीच्या पट्ट्या धुऊन, घडी घालून आणल्या होत्या. चिपळ्या आणल्या नव्हत्या.

काही महिन्यांनी मी तिला पत्र लिहिले. मजकूर असा की प्रस्तुत यंत्राचे दोन अविभाज्य भाग आहेत. नव्याने प्रमाणपत्रासाठी अर्ज करावयाचा असल्याने दोन्ही भाग एकत्र असणे आवश्यक आहे. तरी चिपळ्या परत कराव्यात. नवी चिपळी बनवायला मला एक दुपार पुरली असती. ते मी पत्रात लिहिले नाही.

तिचा फोन आला. “काका, तुमचं लेटर मिळालं. पण त्या बाबांच्या चिपळ्या आहेत ना.”

“त्यात खटका माझा आहे.”

“तर खटका काढून घ्या. लकडी बाबांची आहे.”

“लाकूड फोडल्याशिवाय खटका निघत नाही, मृणाल.”

“मला माहीत आहे, काका,” ती म्हणाली. “चलो, ठेवते.”

मी दुसरे पत्र लिहिले. मग तिसरे. यंत्र गॅरेजमधल्या कपाटात होते. बॅटरी पडून राहिली की मरते, म्हणून ती अधूनमधून चार्ज करावी लागते, असे मी मालतीला सांगत असे. तिने कधी उलटतपासणी केली नाही. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी चिपळ्या वाजत नसत आणि चहाचे आधण उशिरा चढे, एवढाच काय तो फरक.

गेल्या रामनवमीचे कीर्तन मृणाल करणार असल्याचे मंडळाने कळवले. तेही हिंदीतून, अभंग तेवढे मराठी. मंडळाच्या घटनेप्रमाणे कार्यक्रम मराठीतच व्हावयास हवेत, अशी हरकत मी अध्यक्षांकडे लेखी नोंदवली. अध्यक्ष घरी आले. “कलम बरोबर आहे तुमचं,” ते म्हणाले. “आता ऐकायला कोण येईल, तेही एका कलमात लिहून द्या.” माझी स्वतःची नातवंडे मराठी ऐकून हिंदीत उत्तर देतात. मी हरकत मागे घेतली नाही. पण पुढे रेटलीही नाही.

त्या दुपारी मी कापडी पिशवीत यंत्र घेऊन सभागृहात गेलो. कीर्तनानंतर दोन्ही भाग समोरासमोर ठेवून पंचांसमक्ष निकाल लावावा, असा माझा बेत होता. बॅटरी जोडलेली होती. सवयीने जोडली असावी. पिशवी पायांपाशी ठेवून बसलो. तिवारीजी आता थकले आहेत, तरी तबल्यावर तेच होते.

मृणाल गादीवर आली. अनवाणी, नऊवारीत. बोलायला लागली ती हिंदीत. मी हाताची घडी घातली. परंतु वाक्य संपवण्याआधी जरा थांबून श्रोत्यांकडे डोळे बारीक करून पाहण्याची जी लकब होती, ती तिची नव्हती. ती मी वर्षानुवर्षे त्याच गादीवर पाहिली होती. मग तिने मराठीत अभंग धरला. जन्माची वेळ झाली, सगळे उठले, गुलाल उडाला, आणि तिने पदराआडून चिपळ्या काढून उंचावल्या.

माझ्या पायांपाशी पिशवी गुणगुणली.

चिपळी उघडली, पिशवीत काहीतरी उचलले गेले. चिपळी मिटली, ते टेकले. मी खाली वाकून हात आत घातला. पावलाखालची पट्टी माझ्या तळहातावर येत होती आणि जात होती, अगदी समेवर. लय चढली तशी तीही चढली. बारीकशी ती गुणगुण, न काळी दोन, न पांढरी तीन. तिवारीजींचे बोट क्षणभर अडखळले. त्यांनी मान वर केली, गर्दीत मला शोधले, पिशवीकडे पाहिले आणि डोळे मिटून ठेका पुढे नेला.

बंद करण्याचे बटण माझ्या अंगठ्याखाली होते. मी ते दाबले नाही.

कीर्तन संपल्यावर, प्रसादाच्या रांगेत, मी मृणालला एकच प्रश्न विचारला. “त्या चिपळीतला सेल एवढी वर्षे टिकणे शक्य नाही. कोणी बदलला?”

तिने हातातल्या चिपळीकडे पाहिले. लाल ठिपका मिणमिणत होता. “मीच बदलते, काका. ही लाल लाइट गेली की बाबा ओरडत होते ना, ‘मृणाल, सेल!’ तर आदत पडली आहे. मला वाटलं, यंत्र तर तुम्ही कधीच बंद करून ठेवलं असेल.” मग तिची नजर पिशवीवर गेली. तिने चिपळी हळूच उघडली आणि पिशवीत पाऊल उचलले. बराच वेळ तिने ती मिटलीच नाही.

संपादकांस विनंती की पुढील मजकूर शब्दशः छापावा. चिपळ्या परत मागणारी माझी तिन्ही पत्रे मी या लेखाद्वारे बिनशर्त मागे घेत आहे. लाकूड, खटका, सेल व लाल ठिपका यांसह त्या चिपळ्या गोविंदबुवांच्या मुलीच्या आहेत. यंत्र माझ्याकडे राहील आणि दर रामनवमीला, बॅटरी भरून, सभागृहात हजर केले जाईल.

तपासणी कार्यालयाविरुद्धची माझी तक्रार मात्र कायम आहे.